आईचं ऑपरेशन

सेलमच्या दुकानाचा नंबर आईला पाठ होता. दुसरा कुठलाच नंबर तिला पाठ नव्हता.

*

ओवा. हिंगाचं पाणी. फडक्यात गुंडाळलेली गरम वीट.

*

सोनं गाळणाऱ्याच्या घरात खोटं सोनं येत नाही.

*

तीन घरांतून शिरा आला. एकीनं त्यात केळं घातलं होतं.

*

पहिली बायको गेलेल्या नवऱ्याला बिजवर म्हणतात. मला असा नवरा आठवडाभर होता.

*

"मान खाली कर."

मिरजेच्या एसटी स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत आई माझ्या गळ्यात मंगळसूत्र घालत होती. मी भिंतीला धरून उभी होते. ओलं धुणं पिळावं तसं पोटात डाव्या बाजूला कुणीतरी पिळत होतं. विट्यापासून मिरजेपर्यंत मी दोनदा खिडकीबाहेर ओकले होते.

"हे कुठलं?"

"बांगड्यांच्या दुकानातलं. हळू बोल."

"अण्णांना कळलं तर?"

"त्यांना सेलममध्ये काय स्वप्न पडतंय? मान खाली कर म्हणते ना."

तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. माझ्या कपाळावर मोठं कुंकू लावलं, दोन पावलं मागं सरकली आणि फोटो नीट लागलाय का बघावं तसं बघितलं. बाहेर एक बाई दार वाजवत होती.

"नाव काय सांगशील?"

"विजयमाला दिलीप शिंदे."

"नवरा काय करतो?"

"गलाईला असतो." मला हसू आलं आणि हसल्यावर पोटात कळ आली. "आई, हा दिलीप कोण?"

"कुणी न्हाई. म्हणूनच तर."

*

हे आधी सांगायला हवं होतं.

दुखणं सहा महिन्यांपासून होतं. यायचं, दोन दिवस राहायचं, जायचं. पाळीशी त्याचा संबंध नव्हता, पण घरात तसंच धरून चालले होते. "बाईच्या जातीला पोट दुखायचंच," आई म्हणायची. "लग्न झालं की थांबतं." माझं बी. एस्सी.चं दुसरं वर्ष चालू होतं. लग्नानं अपेंडिक्सही बरं होतं का, असं मी एकदा विचारलं, तर आईनं लाटणं दाखवलं.

विट्यात बायकांचे दवाखाने होते. पण तिथल्या बाकावर बिनलग्नाची पोरगी दिसली की संध्याकाळपर्यंत तिला कितवा महिना आहे, तेही गल्लीत ठरलेलं असायचं. म्हणून मिरज. म्हणून मंगळसूत्र.

नवरा खोटा असला तरी त्याचा धंदा खरा होता. आमच्याकडचे पुरुष सोनं-चांदी गाळायला लांब जातात, त्याला गलाई म्हणतात. कुणी सेलमला, कुणी मदुराईला, कुणी कलकत्त्याला. वर्षातून एकदा जत्रेला येतात, एकदा दिवाळीला. आमच्या भागात हजर नसलेल्या नवऱ्यावर कुणी संशय घेत नाही. अण्णा आणि माझा धाकटा भाऊ सेलमलाच होते.

*

दवाखान्यात आमच्या पुढं एक दोन वेण्यांची मुलगी होती. काउंटरवरच्या सिस्टरनं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "लग्न झालंय का? नाही? मग पाळी कधी चुकली ते सांग." मुलीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. माझ्या आईनं माझं मंगळसूत्र ओढणीच्या वर काढून ठेवलं. तिचा अंदाज बरोबर होता, हे मान्य करायला हवं.

"नाव?" सिस्टरनं मला विचारलं. एकदम मऊ आवाजात.

त्याच वेळी पोटात असा पीळ बसला की मला दिलीप आठवला नाही. शाळेपासून जे नाव सांगत आले, तेच तोंडातून गेलं.

"विजयमाला संपत मोहिते."

आईनं माझा दंड दाबला. उशीर झाला होता. सिस्टरनं लिहिलं, माझ्या गळ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मिस्टर संपतराव आले नाहीत?"

आमच्यात पोरीच्या नावापुढं बापाचं नाव लागतं आणि लग्न झालं की त्याच जागी नवऱ्याचं. जागा एकच. कोण कोण आहे, ते गळ्याकडं बघून समजून घ्यायचं.

"गलाईला असतात," आई म्हणाली. "सेलमला."

"पायात जोडवी नाहीत?"

"बोटं सुजल्यात तिची."

*

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येता येता त्या आईशी बोलल्या, मी स्ट्रेचरवर.

"अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ आहे. गाठीच्या वजनानं अंडाशय पिळलं गेलंय. त्याला रक्त मिळत नाहीये. लगेच उघडायला पाहिजे."

"पोरगी वाचंल न्हवं?"

"पोरगी वाचेल. अंडाशय वाचवायचं असेल तर आत्ता. जितकं थांबाल तितकं ते काळं पडणार. नवऱ्याला सही करायला बोलवा."

"ते लांब आहेत हो."

"मग सासरचं कुणीतरी."

त्या हात धुवायला गेल्या. सिस्टर कागद घेऊन उभी राहिली.

"मी आई हाय तिची. माझी सही चालंल?"

"माहेरची चालत नाही, मावशी. पोर आता त्यांच्या घरची."

"मी करते," मी स्ट्रेचरवरून म्हणाले.

"तुझी घेऊन काय करू, बाळा? उद्या तो येऊन बोंब मारणार, माझ्या बायकोचं काय काढलं म्हणून."

आई दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. काचेच्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. शेंगा विकणारा तिच्यासमोर थांबला आणि पुढं गेला. मला वाटत होतं, आता ती उठेल. आत येईल. म्हणेल, हिचं लग्न झालेलं नाही, मीच हिची आई, आण तो कागद.

ती बसूनच राहिली. पोटातली कळ आता पिळल्यासारखी नव्हती, नुसती जड झाली होती. मला बरं वाटायला लागलं असं मी सिस्टरला सांगितलं. ती धावत डॉक्टरीणबाईंकडं गेली.

*

आई आली, काउंटरला धरून उभी राहिली आणि नंबर म्हणून दाखवला. कवितेसारखा, न थांबता.

"मी बोलू का आधी?" तिनं विचारलं.

"नाही. मलाच बोलायला लागतं," सिस्टर म्हणाली आणि फोन लावला.

"संपत मोहिते? मिरजेहून बोलते, दवाखान्यातून. तुमच्या मिसेस आमच्याकडं ॲडमिट आहेत. त्यांच्या आईनं आणलंय."

अण्णा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, सेलमहून आवाज आपल्यालाच पोचवायचा असल्यासारखे. त्यांचं बोलणं रिसीव्हरच्या बाहेर, स्ट्रेचरपर्यंत ऐकू येत होतं.

"काय झालं तिला?"

"पोटात गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल. काही काढायला लागलं तर तुमची परवानगी आहे का?"

"काढा की!" अण्णा म्हणाले. "पोरं झाल्यात आमची. पिशवीबिशवी काय असंल ती काढून टाका एकदाची. कायम तिचं कायतरी दुखतंच असतंय."

सिस्टरनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि आईकडं वळली. "पोरं झाल्यात म्हणतोय?"

आईचं तोंड उघडं होतं. आपल्या नवऱ्यानं काय देऊन टाकलं, कुणाचं समजून, ते तिला कळलं होतं. मलाही.

"पहिलीची हैत," ती म्हणाली. "दोन."

"बिजवर?"

आईनं मान डोलवली.

सिस्टरनं फोन ठेवला. मग स्ट्रेचरजवळ येऊन माझ्या केसांवरून हात फिरवला. "एवढ्याशा पोरीला," ती पुटपुटली. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली तेवढीच माया. न झालेल्या लग्नाबद्दलची.

*

डावं अंडाशय काढलं. काळं पडलं होतं. उजवं चांगलं होतं. "मूल व्हायला एक पुरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. नवरा येईल तेव्हा त्याला माझ्याकडं पाठवून द्या, मी समजावते."

"पाठवते," आई म्हणाली.

सिस्टर रोज ड्रेसिंग करताना विचारायची, "आला का गं?" मी नाही म्हणायचे. "असलेच असतात," ती म्हणायची आणि चिकटपट्टी हळू काढायची.

*

अण्णांनी ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी हौसाकाकूंकडं फोन केला होता. आमच्याकडं फोन नव्हता. शेजारी हौसाकाकूंच्या माडीवर होता, सगळ्या गल्लीचे निरोप तिथं यायचे. अण्णांनी सांगितलं, शालनचं, म्हणजे आईचं, पिशवीचं ऑपरेशन झालंय, मिरजेला, सासूबाई संगं आहेत, पोरगीपण असंल, घराकडं लक्ष ठेवा.

आम्ही आठवड्यानं रिक्षातून उतरलो तर हौसाकाकू, तिची सून आणि समोरच्या दोघी ओट्यावर उभ्या होत्या.

मी आधी उतरले. एक हात पोटावर धरून, दुसऱ्या हातानं रिक्षाची दांडी पकडून. कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. हौसाकाकू मला ओलांडून पुढं झाली.

"सावकाश, शालन. सावकाश गं बाई. माझ्या खांद्याला धर."

आईचा एक पाय रिक्षात होता, एक रस्त्यावर. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओट्यावरच्या बायकांकडं. मग तिनं पाठ वाकवली, पोटावर हात ठेवला आणि हौसाकाकूच्या खांद्याला धरलं.

"विजे, बघत काय उभी राहिलीस? पिशव्या घे की आत," हौसाकाकू म्हणाली.

मी पिशव्या घेतल्या.

*

त्या रात्री आईनं मला एकदाच सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

"आईची पिशवी गेली तर कुणाचं काय जात न्हाई. पोरीचं अर्धं गेलं म्हणून कळलं तर तुला कोण करून घेईल? माझं काय, माझं झालंय सगळं."

"आणि अण्णा?"

"त्यांना काय सांगायचं? त्यांनीच तर हो म्हटलंय."

*

आम्ही अशा राहायला लागलो:

दार लावलेलं असलं की मी कॉटवर, आई चुलीपाशी. कडी वाजली की आई कॉटवर, मी चुलीपाशी. सुरुवातीला मला उठायला वेळ लागायचा. आई हाताला धरून उठवायची, चादर झटकायची आणि माझ्या अंगाची ऊब असलेल्या जागेवर स्वतः आडवी व्हायची. मी दार उघडायचे.

बायका कॉटभोवती बसायच्या. शिरा, बिस्किटांचे पुडे, डाळिंब.

"किती टाके?"

"मोजले न्हाईत बाई."

"माझ्या जावेचं नऊ होतं. अजून थंडीत ओढतंय म्हणती."

"शालनला बरं झालं पण. दरमहा किती तडफडायची."

"विजे, चहात आलं टाक गं. आणि आईला दूध वेगळं दे."

मी खाली बसून चहा करायचे. स्टोव्हला पंप मारायचे. माठातून पाणी काढताना वाकावं लागायचं आणि टाक्यांची जागा गरम होऊन यायची. मला एवढंच हवं होतं की त्यांच्यातल्या एकीनं तरी वळून विचारावं, तुला काय झालंय गं? विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. पण विचारायला हवं होतं.

"पोरगी गुणाची हाय," एकजण म्हणाली. "आईचं सगळं करतीया. आमच्या भावकीत एक पोरगा हाय बघा, कोईमतूरला दुकान हाय."

आई कॉटवरून म्हणाली, "बघू की."

*

अण्णांचा फोन आला. हौसाकाकूनं माडीवरून हाक मारली. आईला जिना चढता येत नाही असं ठरलेलं होतं, म्हणून मी चढले. एकेक पायरी, कठड्याला धरून.

"विजे, आईला उठू देऊ नकोस!" अण्णा ओरडले.

"नाही देत."

"पाणीबिणी तूच भर. तू हैस म्हणून मला काळजी न्हाई."

"हो."

"आवाज का असा येतोय तुझा?"

हौसाकाकू दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले होते.

"जिना चढून आले ना, अण्णा."

"एवढ्यात दम लागतोय? दूध पीत जा." आणि फोन बंद.

*

असं झालं असतं तर:

अण्णा म्हणाले असते, बायकोला फोन दे. आई मला बाजूला सारून जिना चढली असती. फोन घेऊन म्हणाली असती, माझं काही झालेलं नाही, तुमच्या पोरीचं झालंय, आणि तुम्ही विचारलंसुद्धा नाही की काय काढताय, का काढताय.

असं झालं नाही.

*

दुपार होती. मला ताप भरला होता. सकाळी दोन घागरी आणल्या होत्या, कारण नळाला मीच दिसायला हवी होते, आणि एका टाक्यातून पाणी यायला लागलं होतं. आईनं मला कॉटवर झोपवलं, कोमट पाण्यात हळद घालून जागा पुसली, स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडून पट्टी केली. मग उठून ती झाडायला लागली. मला झोप लागत होती. झाडूचा आवाज चांगला वाटत होता.

कडी आतून लावायची राहिली होती.

"शालन!" हौसाकाकू उंबऱ्यात उभी होती, हातात झाकलेली वाटी. "अगं, काय चाललंय काय?"

आईच्या हातात झाडू. कमरेत वाकलेली. मी कॉटवर, गळ्यापर्यंत पांघरूण.

"टाके तुटतील की बाई! आणि ही बघा, घोडी. आईला झाडायला लावून लोळत पडलीया. लाज न्हाई का गं वाटत?"

मी उठले नाही. मला उठता आलं नसतं, पण तेवढंच कारण नव्हतं. मी आईकडं बघत होते. पांघरुणाखाली पट्टी ओली झाली होती. एक कोपरा उचलला असता तरी पुरलं असतं. तिनं उचलला असता तर मी काहीच मागितलं नसतं पुढं कधी.

आईनं झाडू भिंतीला टेकवला. माझ्याकडं बघितलं. तिचे ओठ हलले, खरंच हलले.

"पाळी आलीया तिला," ती म्हणाली.

"पाळीत कोण झोपतंय? आम्ही पाळीत दिवसदिवस भांगलण केलीया, रानात कापड बदलायला आडोसा नसायचा. ऊठ, घे तो झाडू."

"राहू दे, काकू."

"तू गप. तूच लाडावून ठेवलीस." तिनं वाटी चुलीजवळ ठेवली, आईला दंडाला धरलं. मी पाय खाली सोडले. भिंतीला धरून उभी राहिले. कॉट रिकामी झाली, तशी हौसाकाकूनं आईला तिथं बसवलं, आडवं केलं, माझंच पांघरूण तिच्या अंगावर घातलं आणि पायापाशी बसून तिचे तळवे चोळायला लागली.

मी झाडू उचलला.

"एक मात्र झालं बघ, शालन," हौसाकाकू म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता, त्या सिस्टरच्या आवाजासारखा. "दर महिन्याची ब्याद गेली. आता देवाला जा, लोणच्याला हात लाव, कुणाचं ऐकून घ्यायला नको. सुटलीस."

आईनं डोळे मिटले होते.

"हो," ती म्हणाली. "सुटले."

आईची पाळी खरंच गेली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती.